निवडक सुपडू

अमळनेरला, भाजीबाजाराच्या मागे,
पिठाच्या गिरणीवर माझा स्टुडिओ.
गिरणी थांबली की रेकॉर्डिंग.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांच्या खळग्यांत पीठ,
माझ्या मिशीत पीठ,
सुपडू वंजीच्या प्रत्येक गाण्यात, कान दिला तर,
थोडं पीठ.

कंपनी म्हणते, बत्तीस वर्षांची गाणी पडली आहेत,
त्यातली बारा काढ.
'सुपडू वंजीचे सुपरहिट', पेन ड्राइव्हमध्ये,
डबीवर फेट्यातला फोटो,
मागे त्याच्याविषयी चार ओळी.

बारा निघाली. 'व्याहीनी फटफटी' तर निघणारच,
चाळीसगावापासून शहाद्यापर्यंत
तिच्यावाचून एक हळद लागली नाही.
अडलं ते चार ओळींवर.

काय लिहू?
आधीची तीन जगली नाहीत म्हणून
ह्याला सुपात घालून शेजारणीला विकला
शेरभर बाजरीवर, आणि संध्याकाळी परत घेतला,
म्हणून सुपडू?
की बाप गेल्यावर माय दोंडाईच्याला
मिरचीच्या पथारीवर देठ खुडायची,
रात्री तिने तोंडावरून हात फिरवला
की हा रडायचा, आणि दोघांना कळायचं नाही
नेमका कशाने?
की तिने पाट लावला नरडाण्याकडच्या एका गावात,
नव्या माणसाची अट एकच होती,
आणि ती अट नऊ वर्षांची होती?

मग पॅसेंजर. सुरतेकडून येणारी, भुसावळकडे जाणारी.
शहाबादी फरशीच्या दोन कपच्या बोटांत,
डब्याच्या दाराशी गाणं,
दहा पैसे, चार आणे, अर्धी भाकर.
तिकीट कधीच नाही.

अकराव्या वर्षी चोरी. चार सेल, टेपचे.
टेप नव्हता त्याच्याकडे.
टेप नंतर चोरणार होता.
चौकीत हवालदार म्हणाला, गाणं म्हण, सोडतो.
ह्यानं म्हटलं.
हवालदार म्हणाला, अजून एक.
ह्यानं तेही म्हटलं.
मग कागद झाले, आणि धुळ्याचं रिमांड होम.
आयुष्यातला पहिला वन्स मोअर असा,
तीन वर्षांचा.

तिथे शिवणकामाचे बागूल मास्तर पेटी शिकवायचे.
पाय मशीनवर, बोटं पट्ट्यांवर,
म्हणून सुपडूचा ठेका अजून
काज करून पुढे सरकल्यासारखा चालतो.
हेसुद्धा डबीवर मावत नाही.

शेवटी लिहिलं :
'खान्देशचा लाडका आवाज.'
ओळी चार हव्या होत्या, एकच झाली.
त्याला वाचून दाखवली. तो पुष्कळ हसला,
तंबाखू थुंकून आला,
आणि म्हणाला, सहाव्या आणि सातव्या गाण्यामझार
थोडी जागा ठेव.
किती?
"नरडाणाले गाडी थांबस ना, तितली."

मी हेडफोन काढला.

एकदा होती म्हणे फलाटावर. बोरं विकत.
कडेवर मूल, लाल टोपडं.
हा दारात, गाणं अर्ध्यावर.
तिने मूठभर बोरं ह्याच्या हातावर ठेवली,
गाणाऱ्या कुठल्याही पोराला ठेवावीत तशी.
हात तिखट होता का, मी विचारलं नाही.
मी विचारलं, ओळखलं होतं तिने?

तो म्हणाला, चहा सांग.

दोन मिनिटं सोडली मी.
अगदीच कोरी नाहीत, खालची गिरणी
त्या रात्री उशिरापर्यंत चालू होती,
कुणाच्या तरी लग्नाचं दळण.
कंपनीला सांगितलं नाही.

आता धरणगावहून, पारोळ्याहून फोन येतात :
भाऊ, माल खराब आहे,
सहा वाजली की बंद पडतं,
वरातीत पोरं नाचता नाचता उभी राहतात,
एकमेकांकडे बघतात.
मी म्हणतो, आणून द्या, बदलून देतो.
आणून देतात.
मी दुसरी देतो.
तिच्यातही गाडी तेवढीच थांबते.